अपंगांचे श्रम आणि आमची भूतदया

दरवर्षीं ३ डिसेंबर उजाडला, कीं महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांत एकाच प्रकारचा समारंभ पाहावयास मिळतो. मांडव पडतो, पाहुणे येतात, शिवणयंत्रें, कुबड्या आणि तीनचाकी सायकली यांचें वाटप होतें, छायाचित्रें निघतात, आणि दुसऱ्या दिवशीं तीं वर्तमानपत्रांत छापूनही येतात. संयुक्त राष्ट्रसंघानें हा दिवस १९९२ सालीं जाहीर केला तो अपंगांच्या हक्कांचें जगाला स्मरण व्हावें म्हणून. आमच्याकडे तो दात्यांच्या औदार्याचें स्मरण ठेवण्याच्या कामीं येतो. ज्याला यंत्र मिळालें त्याला शिवण येतें काय, त्याच्या गल्लींत कपडे शिवून घेणारें कोणी उरलें आहे काय, आणि सहा महिन्यांनीं तें यंत्र चालू आहे कीं विकलें गेलें, हे प्रश्न त्या मांडवांत कोणी विचारीत नाहीं. विचारणारा अरसिक ठरतो. हा अरसिकपणा पत्करून आम्ही आज कांहीं गोष्टी बोलणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : अपंगांविषयींची आमच्या सुशिक्षित समाजाची भूतदया ही त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेंतील एक धोंड होऊन बसली आहे. दया वाईट, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण जेथें पगार द्यावयास हवा तेथें देणगी देऊन मोकळें होण्याची जी सोय या दयेनें करून ठेवली आहे, ती खचित वाईट आहे. अपंग मनुष्याला जें हवें असतें तें आपणां सर्वांनाच हवें असतें : सकाळीं उठून जाण्यासाठीं एक ठिकाण, महिन्याच्या शेवटीं हिशेबानें मिळणारे पैसे, आणि घरांत बोलण्याचा अधिकार. आमच्या मध्यमवर्गीय घरांत हा तिसरा अधिकार दुसऱ्या वस्तूवरच अवलंबून असतो, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

येथें एका शब्दाविषयीं खुलासा करणें जरूर आहे. २०१५ च्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, आणि तो सरकारी कागदोपत्रीं रूढ झाला. अपंगांच्या कित्येक संघटनांनीं त्यास त्याच वेळीं हरकत घेतली होती, आणि ती आम्हांस सयुक्तिक वाटते. ज्याला तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरींत चढतां येत नाहीं, त्याच्या अंगीं दैवी अंश आहे असें म्हटल्यानें जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहींत. ज्यांना तो शब्द आवडतो त्यांनीं तो खुशाल वापरावा. आम्ही जुनाच शब्द ठेवतों, कारण त्यांत निदान अडचण कबूल केलेली आहे.

अपंगांना कामास लावण्याची जी पद्धतशीर सेवा, जिला आज व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात, ती दयेच्या पोटीं जन्मलेलीच नाहीं. ती युद्धाच्या पोटीं जन्मली. पहिल्या महायुद्धांतून हात, पाय, डोळे गमावलेले जवान परत येऊं लागले, तेव्हां त्यांना धर्मशाळेंत बसवून जेवूं घालावें असें म्हणण्यास कोणाची जीभ रेटेना. मुंबईंत १९१७ सालीं जखमी हिंदी शिपायांना धंदे शिकविण्यासाठीं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढें पुण्यानजीक खडकीस गेली. अमेरिकेनें १९१८ सालीं शिपायांसाठीं कायदा केला, आणि लगेच १९२० सालीं दुसरा कायदा करून तीच सोय सर्वसाधारण नागरिकांस लागू केली. रणांत हात गमावलेला शिपाई आणि गिरणींत हात गमावलेला मजूर या दोघांच्या पोटाला लागणारी भाकरी सारखीच, एवढें साधें तत्त्व त्या दुसऱ्या कायद्यानें मान्य केलें. १९४३ सालीं त्यांत मानसिक आजार व मंदबुद्धि असलेल्यांचाही समावेश झाला. आमच्याकडे शिपायापासून मजुरापर्यंतची ही मजल अजून पुरी व्हावयाची आहे. शिपायाच्या तुटलेल्या पायाकडे पाहून 'पूर्वजन्मींचें फळ' असें म्हणण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. जन्मांध मुलीकडे पाहून तें अजूनही आमच्या माजघरांत हळूच म्हटलें जातें, आणि तें म्हणणारांत पदवीधरही असतात.

ही सेवा जेथें नीट चालते तेथें ती कशी चालते, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील पद्धतींत अर्जदाराला एक समुपदेशक नेमून दिलेला असतो. 'तुझें काय गेलें ?' याहून 'तुला काय करावयाचें आहे ?' हा प्रश्न त्यानें महत्त्वाचा मानावा अशी अपेक्षा असते. मग उरलेली शक्ति, झालेलें शिक्षण, पूर्वीचा धंदा, घरची परिस्थिति, कामावर जाण्यायेण्याची सोय, या सर्वांचा विचार होऊन एक लेखी योजना तयार होते, आणि तिच्यावर खुद्द अर्जदाराची सही लागते. त्याच्या संमतीवांचून योजनाच होत नाहीं. त्या योजनेंत कोणाला कृत्रिम पाय मिळतो, कोणाला कानांतील यंत्र, कोणाला दोन वर्षांचें शिक्षण, तर कोणाला मोटारींत नुसता एक हातानें चालविण्याचा ब्रेक. त्यानंतर मालकाशीं बोलणें होतें. काम मिळालें कीं सारें आटोपलें, असेंही नाहीं. मनुष्य कामावर निदान ९० दिवस टिकल्याखेरीज त्याचें प्रकरण यशस्वी म्हणून बंद करतां येत नाहीं. अमेरिकेचें सर्वच अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच देशांत १९३८ च्या मजुरीविषयक कायद्याच्या एका कलमानें अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा ठेवली, आणि निराळ्या काढलेल्या कारखान्यांत वर्षानुवर्षें त्यांना क्षुल्लक मजुरीवर राबविण्यांत आलें. पण नव्वद दिवसांची ही जी एक अट, ती मात्र आमच्याकडे यावी असें आम्हांस फार वाटतें.

आतां इकडचें एक उदाहरण घेऊं. पुण्याजवळ भोसरी, चाकण या भागांत मोटारींचे सुटे भाग करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. पॉवर-प्रेसवर बोटें तुटणें ही असल्या धंद्यांत विरळा गोष्ट नव्हे. तेवीस वर्षांच्या एका कामगाराच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, असें समजा. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टांत तर्जनीची किंमत शेंकडा १४ आणि अंगठ्याची शेंकडा ३० अशी लिहिलेली आहे. त्या हिशेबानें त्याला कांहीं रक्कम मिळेल. पण २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आरक्षणासारख्या मुख्य लाभांसाठीं शेंकडा ४० अपंगत्वाची अट घालतो. म्हणजे प्रेसचा कारागीर म्हणून हा तरुण संपला, आणि अपंग म्हणून तो सुरूच झाला नाहीं ! नोकरींत असतां अपंगत्व आलें तर मनुष्याला काढून टाकतां येत नाहीं, तें काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरें द्यावें लागतें, असें या कायद्याचें विसावें कलम सांगतें खरें. पण तें कलम सरकारी आस्थापनांपुरतें. मंत्रालयांतील कारकुनाला जें अभय आहे तें चाकणच्या मजुराला नाहीं, आणि यंत्राशीं ज्याची रोज गांठ पडते तो मात्र हा दुसराच. अशा माणसाला मदत हवी असते ती अपघातानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत. त्याच कारखान्यांत तपासणीच्या टेबलावर, भांडारांत किंवा दुसऱ्या यंत्रावर त्याची सोय लागेल काय, हें कोणी तरी जाऊन मालकाशीं बोलण्याची. तें कोणी बोलत नाहीं. तो गांवीं परत जातो, आणि तेथें भावाच्या शेतावर हातभार लावणारा म्हणून त्याचें उरलेलें आयुष्य सुरू होतें.

आमच्याकडे ही सेवा मुळींच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. अपंगांसाठीं निराळें सेवायोजन कार्यालय मुंबईंत १९५९ सालीं उघडलें. १९६८ सालीं मुंबई व हैदराबाद येथें व्यावसायिक पुनर्वसन केंद्रें निघालीं. पुढें तीं इतर राज्यांतही गेलीं, आणि आतां त्यांना राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रें असें नवें नांव मिळालें आहे. (नांवें बदलण्याच्या कामांत आमचीं सरकारें कधीं मागें पडलीं नाहींत.) उमेदवाराची पारख करावी, त्याला कोणतें काम झेपेल तें पाहावें, जरूर तें शिक्षण द्यावें व मालकाशीं गांठ घालून द्यावी, हेंच या केंद्रांचें मूळ काम. कल्पना निर्दोष आहे. पण देशांत जिल्हे सातशेंच्या वर, आणि हीं केंद्रें पंचविसाच्या आसपास ! गडचिरोलीच्या कर्णबधिर मुलानें आपली पारख करून घेण्यासाठीं कोठवर प्रवास करावा ? महाराष्ट्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत या विषयासाठीं स्वतंत्र खातें काढलें, आणि असें खातें काढणारें हें देशांतील पहिलें राज्य असें सांगितलें गेलें. खातें झालें, ही चांगली गोष्ट झाली. पण खात्याचें काम किती जणांना दाखले दिले यावर मोजावयाचें, कीं किती जण कामावर टिकले यावर, हें अजून ठरावयाचें आहे.

आंकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर तीही स्पष्ट बोलूं. २०११ च्या जनगणनेंत देशांत २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांपैकीं २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत. देशांतील या अपंगांत काम करणारांचें प्रमाण शेंकडा ३६ भरलें. पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत अवघें २३. २०१८ सालीं राष्ट्रीय नमुना पाहणीनें जी मोजणी केली तींत पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या अपंगांपैकीं शेंकडा २२·८ लोक काम करीत असल्याचें आढळलें. आतां गंमत अशी, कीं त्याच पाहणींत अपंगांमधील बेकारीचें प्रमाण शेंकडा ४·२ इतकेंच आहे. शंभरांतील सत्याहत्तर कामावर नाहींत, आणि बेकार मात्र चार ! याचा उलगडा सोपा आहे. सरकारी परिभाषेंत बेकार तो, जो काम शोधतो आहे. ज्यानें शोधणें सोडून दिलें, ज्याला कोणी शोधूंच दिलें नाहीं, तो बेकारांत धरला जात नाहीं. घरांतल्या घरांत, माडीवरच्या खोलींत, 'त्याला कशाला त्रास' असें म्हणून प्रेमानें बसवून ठेवलेलीं हीं माणसें आहेत. त्यांतही मुलगी असेल तर तिच्या बाहेर पडण्याची भीति निराळी, तिच्या लग्नाची काळजी निराळी, आणि या दोन काळज्यांच्या मध्यें तिच्या नोकरीचा विचार करण्यास कोणालाच सवड सांपडत नाहीं.

परंतु सारा दोष घरांवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. जीं माणसें बाहेर पडतात, शिकतात, परीक्षा देतात, त्यांच्यापुढें कोणती भिंत येते ? ती भिंत म्हणजे 'योग्य जागा' ही कल्पना. अमक्या अपंगाला अमकें काम योग्य, असें आधींच कोणी तरी कचेरींत बसून ठरवावयाचें, आणि मग त्या कुंपणांत त्याला सोडावयाचें. इंग्लंडांत १९४४ च्या कायद्यानें वीस किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक मालकावर शेंकडा ३ अपंग ठेवण्याचें बंधन घातलें. त्या काळाच्या मानानें ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच कायद्याखालीं दोन धंदे अपंगांसाठीं राखून ठेवण्यांत आले. ते कोणते ? तर उद्वाहक चालविणें आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर पहारा करणें ! नुकतेंच महायुद्ध लढलेल्या राष्ट्राला आपल्या जखमी माणसांसाठीं याहून मोठें कांहीं सुचलें नाहीं. तो शेंकडा ३ चा नियमही मालकांनीं फारसा पाळला नाहीं, आणि १९९५ च्या नव्या कायद्याबरोबर तो निकालांत निघाला.

आम्ही हंसण्याचें कारण नाहीं. आमच्या अंधशाळांनीं पिढ्यान् पिढ्या मुलांना खुर्च्या विणावयास, मेणबत्त्या ओतावयास आणि खडू करावयास शिकविलें. फार शिकला तर तो टेलिफोनच्या फळ्यावर बसे, किंवा संगीतशिक्षक होई. वेताच्या खुर्च्या गेल्या, प्लास्टिकच्या आल्या. टेलिफोनचे फळे यंत्रांनीं गिळले. १९९० नंतरच्या दशकांत अपंगांना सार्वजनिक टेलिफोनचीं केंद्रें चालविण्यास प्राधान्यानें देण्यांत येऊं लागलीं, आणि त्या पिवळ्या पाट्यांखालीं अनेकांनीं आपले संसार उभे केले. तो काळ खरोखर चांगला होता. पण खिशांत मावणारा फोन आला, आणि त्या पेट्या एकामागून एक बंद पडल्या. धंदा बुडणें ही कोणाच्याही वाट्याला येणारी गोष्ट आहे. डोळस मनुष्य एक धंदा बुडाला तर दुसरा पाहतो. ज्याला आपण एकच धंदा 'योग्य' म्हणून शिकविला, त्यानें काय करावें, याचा विचार त्या पेट्या वांटणारांनीं केलेला नव्हता.

१९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठीं ३ टक्के, आणि २०१६ च्या कायद्यानें ४ टक्के जागा राखल्या. पण राखीव जागांचा हिशेब कशावर ? खातीं म्हणूं लागलीं, अपंगांस योग्य म्हणून ज्या जागा मुक्रर झाल्या तेवढ्यांवरच. हिशेब संवर्गांतील एकूण रिक्त जागांवर करावयाचा, हें सर्वोच्च न्यायालयाला २०१३ सालीं बजावून सांगावें लागलें. तेव्हां कायद्याला अठरा वर्षें होऊन गेलीं होतीं. २०२१ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें मुक्रर जागांची नवी यादी काढली. तींत ३५६६ जागा आहेत. यादी पूर्वीच्याहून पुष्कळ उदार आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. तरी तिची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जागेपुढें त्या कामाला लागणाऱ्या क्रियांचीं अक्षरें दिलेलीं असतात : बसणें, उभें राहणें, चालणें, वांकणें, उचलणें, बोटांनीं हाताळणें, पाहणें, ऐकणें. वाचणें-लिहिणें हेंही त्यांत आहे. म्हणजे आधीं कामाचे तुकडे करावयाचे, मग माणसाचे तुकडे करावयाचे, आणि तुकड्याला तुकडा जुळतो काय हें पाहावयाचें. पण वाचणें म्हणजे डोळ्यांनीं वाचणें, हें कोणीं ठरविलें ? संगणकावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा एन्‌व्हीडीए नांवाचा कार्यक्रम ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं २००६ पासून तयार केला, आणि तो कोणालाही फुकट मिळतो. तो वापरणारा अंध कारकून डोळस कारकुनाहून फाइल हळू वाचतो असें म्हणणारानें एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहावें. तें यंत्र ज्या वेगानें बोलतें तो वेग ऐकून आमच्यासारख्याला एक अक्षर कळत नाहीं.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. पूर्ण अंध असलेल्या या तरुणीनें केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत ७७३ वा क्रमांक मिळविला, तेव्हां रेल्वेच्या लेखा सेवेनें अंधत्वाच्या कारणावरून त्यांना घेतलें नाहीं. पुढच्याच परीक्षेंत त्या १२४ व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेंत गेल्या, आणि २०१९ सालीं तिरुवनंतपुरम येथें उपजिल्हाधिकारी झाल्या. रेल्वेचे हिशेब तपासण्यास जी व्यक्ति अपात्र ठरली तिच्या हातीं केरळच्या राजधानींतील दंडाधिकार आला ! आमच्या सभांतून ही कथा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. आम्ही ती अडवणुकीची कथा म्हणून सांगतों. जिद्द त्यांची होतीच. पण दुसऱ्या वेळीं परीक्षेला बसण्याची ज्यांची ऐपत किंवा उमेद राहिली नाहीं, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मध्य प्रदेशांत तर दृष्टिहीन पदवीधराला न्यायाधीशाच्या जागेसाठीं विचारांतच घेऊं नये असा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयानें ३ मार्च २०२५ रोजीं रद्द केला. न्यायदेवतेच्या डोळ्यांना पट्टी बांधणाऱ्यांना अंध न्यायाधीश चालत नव्हता, हा विनोद आम्ही करणार नव्हतों, पण राहवत नाहीं.

शिक्षण देणाऱ्या संस्थांविषयीं आम्हांस आदर आहे; तरी त्यांच्याही एका समजुतीवर बोट ठेवणें भाग आहे. ती समजूत अशी, कीं आधीं मनुष्य पुरता तयार करावा, मग कामावर पाठवावा. मानसिक आजार असलेल्या लोकांबाबत अमेरिकेंत १९९० नंतर जे प्रयोग झाले त्यांनीं ही समजूत पार उलटी केली. त्या नव्या रीतींत आधीं खरें, पगारी काम शोधतात, मनुष्याला त्यावर रुजू करतात, आणि जरूर तें शिक्षण त्याच जागीं एका सोबत्याच्या मदतीनें देतात. औषध देणारा डॉक्टर आणि काम शोधणारा साहाय्यक एकमेकांशीं बोलत राहतात. अनेक देशांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून तुलना झाली, आणि कामाला लागणारांचें प्रमाण जुन्या रीतीच्या सुमारें दुप्पट भरलें. आमच्याकडे मात्र प्रशिक्षण हेंच एक घर होऊन बसलें आहे. एक अभ्यासक्रम संपला कीं दुसरा. मेणबत्ती झाली, आतां अगरबत्ती. अहवालांत 'इतके प्रशिक्षित' अशी संख्या वाढते, आणि मुलगा तिसाव्या वर्षींही विद्यार्थीच राहतो.

या सर्वांवर नेहमींचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. धडधाकटांनाच काम नाहीं, तेथें अपंगांस कोठून द्यावयाचें, हा पहिला. हें म्हणणें म्हणजे रांगेंत अपंग शेवटचा, असें आधींच ठरवून टाकणें होय. आणि तें कोणत्या न्यायानें, हें सांगण्याची जबाबदारी आक्षेपकावर आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. कामाच्या जागीं करावयाच्या फेरबदलांचा सल्ला देणारी एक यंत्रणा अमेरिकेंत १९८३ पासून चालते. तिनें मालकांकडून वेळोवेळीं घेतलेल्या माहितीप्रमाणें सुमारें निम्म्या फेरबदलांस कांहींच खर्च येत नाहीं. टेबल एका खोलींतून दुसऱ्या खोलींत हलविण्यास, कामाची वेळ अर्ध्या तासानें सरकविण्यास, किंवा तोंडी सूचना कागदावर लिहून देण्यास काय खर्च येणार ? तिसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. २०२४ सालीं महाराष्ट्रांतील एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला, आणि त्यानंतर खऱ्या अपंगांकडेही लोक संशयानें पाहूं लागले. दाखले अवश्य तपासावेत. पण बाजारांत खोट्या नोटा निघतात म्हणून कोणी नोकरांचे पगार बंद करीत नाहीं.

कित्येक सज्जन आनंदवनाचा दाखला देतात. अपंगांसाठीं अशीं निराळीं गांवें वसवावीं, तेथें ते आपसांत सुखानें राहतील, असें त्यांचें म्हणणें. आनंदवनाविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो येथें शब्दांत सांगण्याचा हेतु नाहीं. परंतु बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं वरोऱ्याजवळ तें उभें केलें तें समाजानें कुष्ठरोग्यांस गांवाबाहेर हांकलून दिलें होतें म्हणून. झडलेल्या बोटांचे हात जमीन पिकवूं शकतात, माग चालवूं शकतात, हें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. त्या सिद्धतेवरून समाजानें घ्यावयाचा धडा 'यांना आमच्यांत घेतलें पाहिजे' हा होता. आम्ही 'यांची सोय तिकडे झाली' हा घेतला. कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली, तेव्हां चाकाच्या खुर्चीवरून त्या स्वतः सरकारी खात्यांतील नोकरी करून आलेल्या होत्या. त्यांचें आत्मचरित्र आमच्या घरोघरीं डोळ्यांत पाणी आणून वाचलें जातें. वाचणारांपैकीं किती जणांनीं आपल्या दुकानांत, पेढींत किंवा कारखान्यांत खुर्चीवरून येणाऱ्या एखाद्या माणसाला कामावर ठेवलें, हा प्रश्न मात्र वाचनाच्या आनंदांत बसत नाहीं.

आमच्या महाविद्यालयांतून वीसेक वर्षांपूर्वीं वाणिज्य शाखेची पदवी पहिल्या वर्गांत घेतलेला एक विद्यार्थी एका सहकारी बँकेच्या मुलाखतीस गेला होता. त्याचे दोन्ही पाय लहानपणींच पोलिओनें गेलेले. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाहीं. तो बसून, हातांवर जोर देत, एक एक पायरी वर चढला. हिशेबांतला एकही प्रश्न त्याला विचारला गेला नाहीं. रोज येणार कसे, घरीं कोण आहे, इतका त्रास कशाला घेतां, अशी विचारपूस झाली. आणि शेवटीं अध्यक्षांनीं हळहळून आपल्या खिशांतून पांचशें रुपये काढून त्याच्यापुढें धरले. त्यानें ते घेतले नाहींत. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. उलट, आपण मनाचे मोठे आहों अशी त्यांची त्या दिवशीं खात्री झाली असावी. आज तो विद्यार्थी घरीं बसून लोकांचीं करविवरणपत्रें भरून देतो, आणि त्याचें बरें चाललें आहे. पण आजारपणाची रजा आणि भविष्यनिर्वाह निधि या ज्या गोष्टी त्याच्या बरोबरीच्या मुलांना नोकरीनें दिल्या, त्या त्याला नाहींत.

२०१६ च्या कायद्याच्या पस्तिसाव्या कलमांत खासगी मालकांनीं निदान शेंकडा ५ अपंग नेमावेत म्हणून सरकारनें त्यांना उत्तेजन द्यावें असें म्हटलें आहे. पण 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत' हे शब्द त्यांत घालून ठेवले आहेत, आणि कोणत्याही सरकारची आर्थिक कुवत असल्या वेळीं नेमकी संपलेली असते. उत्तेजनाची वाट पाहत बसण्यापेक्षां दोन गोष्टी ताबडतोब होण्यासारख्या आहेत. अपंगांसाठीं चालणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्रानें, मग तें सरकारी असो वा धर्मादाय, किती जणांना शिकविलें हें सांगण्याबरोबर त्यांपैकीं किती जण वर्षानंतर पगारी कामावर आहेत व किती पगारावर, हें छापावें. ज्यांना हें छापण्याची भीति वाटेल त्यांना अनुदान कां द्यावें, हें जनतेला विचारतां येईल. आणि दुसरें आमच्याच क्षेत्रांतलें. उच्च शिक्षणांत शेंकडा ५ जागा अपंगांसाठीं राखण्याचें बंधन या कायद्यानें घातलें आहे. त्या जागांवर आलेले विद्यार्थी पदवी घेऊन कोठें गेले, आणि स्वतः महाविद्यालयानें आपल्या अध्यापकांत व कारकुनांत कायद्याप्रमाणें किती अपंग नेमले, याचा तक्ता प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या वार्षिक अहवालांत द्यावा. क्रीडास्पर्धांतील ढाली, स्नेहसंमेलनाचे पाहुणे आणि नव्या इमारतीचे देणगीदार यांना त्या अहवालांत पानेंच्या पानें मिळतात. या तक्त्याला अर्धें पान पुरेल, आणि नेमणुकांपुरती सारी माहिती कचेरींतील कपाटांत पडलेलीच असते.